ओल्या धानाचं वजन

गोरेगावहून गोंदियाकडे निघालं की उजव्या हाताला दुर्गाप्रसाद शेठची राइस मिल लागते. तिथल्या वजनकाट्यावर सेवकराम रामटेके बसतो. मिल शेठची, पण काट्यावरचा शब्द सेवकरामचा. धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, आला की हा आधी आकड्याकडे बघतच नाही. कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर धान काढतो आणि त्यातला एक दाणा दाढेखाली धरतो. दाणा कटकन तुटला तर धान वाळलेला. मऊ लागला, दाढेला चिकटला, तर ओला. ओल्या धानाचं वजन जास्त भरतं हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे, आणि सेवकराम त्याला फसत नाही हेही ठाऊक आहे.

पण तोंडावर नाही म्हणणं या माणसाच्या जिवावर येतं. समोर शेतकरी उभा, मागे भरलेली ट्रॉली. मग तो म्हणतो, "वाळू द्या. मंग पाहू." एवढं ऐकलं की माणूस काय ते समजतो. मुकाट्याने मिलच्या अंगणात धान पसरतो आणि उन्हाची वाट बघत बसतो. काहींचा धान दोन उन्हांत खणखणीत होतो. काहींचा वाळल्यावर काळा पडलेला, आतून कोंब फुटलेला निघतो, आणि मग काट्यावर चढवायला फारसं काही उरत नाही. कोणाचं काय निघणार हे सेवकरामलाही आधी सांगता येत नाही. म्हणून तर पाहू म्हणायचं.

आता या सेवकरामचं स्वतःचं वजन. कट्टा भरतो चाळीस किलोचा, आणि मिलचे हमाल त्याला पाठीमागे 'साडेतीन कट्टे' म्हणायचे. खोटं म्हणत नव्हते. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यासमोर बादली ठेवूनच पुढे जायचे आणि बाकीचे खाली माना घालून हसायचे. तोही हसायचा. एकदा भर हंगामात, वीसेक शेतकरी समोर असताना, त्याच्याखालची खुर्ची मोडली. कोणी हसलं नाही. त्या न हसण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो डबा न उघडता घरी आला. साखर वाढली होती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. बायको अन्नपूर्णा शेजारी पडून त्याचा पुढचा श्वास येतो की नाही ते ऐकत राहायची. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटाचं ऑपरेशन करा. फाल्गुनात ते झालं. पोटाचा मोठा भाग काढून टाकला.

सुट्टी देताना तिथल्या आहारवाल्या ताईंनी दोघांना समोर बसवलं. "पोट आता मुठीएवढं आहे. त्यात आधी काय जातं ते महत्त्वाचं. आधी प्रोटीन. अंडं, मासोळी, चिकन, पनीर, सोयाबीनची वडी, घट्ट वरण. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, चावून चावून. हे पावडरचं दूध रोज, गोळ्या रोज. भात सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर. भूक लागणार नाही, तरी खायचं. खाणं चुकलं तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं, लक्षात ठेवा."

दोघांनी मान डोलावली. परतीच्या गाडीत भंडारा मागे पडला. मग अन्नपूर्णा म्हणाली, "भात शेवटी म्हंजे?"

"शेवटी म्हंजे शेवटी."

"आन् जागा नाही उरली तं?"

सेवकराम खिडकीबाहेर बघत राहिला. धानाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

सुरुवातीला त्याने सगळं नीट केलं, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी अंडं, दुपारी वाटीभर घट्ट वरण, संध्याकाळी मासोळीचे चार तुकडे, काटे काढून. पावडरीच्या वासाने मळमळायचं, तरी नाक दाबून प्यायचा. आणि वजन उतरू लागलं. काय उतरलं म्हणता. मिल उघडण्याआधी तो एकटा काट्यावर उभा राहायचा, लाल आकडे थरथरून थांबायचे, आणि त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू यायचं. तीन कट्ट्यांच्या खाली आला. शर्टं आवळून शिवली. शेठ म्हणाला, "अरे सेवकराम, तू तो हीरो हो गया." हमालांनी नाव सोडून दिलं. साखरेची गोळी बंद झाली आणि रात्रीचा श्वास सरळ चालू लागला. अन्नपूर्णा कित्येक वर्षांनी शांत झोपली.

इथेच कुठेतरी घात झाला, आणि तो इतका हळू झाला की घरात कोणाला कळलाच नाही. पावडरीचा डबा संपला, तो नवा आला नाही. गोळ्या संपल्या, त्याही राहिल्या. तपासणीला नागपूरला बोलावलं होतं, रक्त द्यायचं होतं. सेवकराम म्हणाला, "काटा बरोबर सांगून राहिला. डाक्टर वेगळं काय सांगल? कायले जाचं?" आणि भात हळूच पुढे सरकला. आधी शेवटचा एक घास, मग मधला, मग पहिला. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, दोन घास भाताचे पोटात गेले की जिवाला बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. दोन घास गेले की पोट भरायचं. वरण वाटीत निवून जायचं. अन्नपूर्णा ते म्हशीच्या आंबोणात ओतायची.

मग आषाढी पौर्णिमा आली आणि वर्षावास सुरू झाला. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, पौर्णिमेला पांढरी वस्त्रं, आणि तीन महिने घरात अंडं-मटण बंद. रामटेक्यांच्या घरी हे त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं. त्याने मनावर घेतलं. अन्नपूर्णा म्हणाली, "तुमी खा जी अंडं. दवाई समजून खा. कोणी काही म्हणत नाही."

"सगळे पाळतेत, आन् म्याच खाऊ?"

विहारात वाचन करणाऱ्या चंद्रकुमार गुरुजींच्या कानावर तिने हे घातलं. गुरुजी स्वतः घरी आले. म्हणाले, "सेवकराम, सिद्धार्थाने उपाशी राहून पाहिलं होतं, हाडं दिसेपर्यंत. मग त्याने सुजाताची खीर घेतली. उपास करून काही सापडत नाही हे त्याले समजलं म्हणून घेतली. शरीर पिळाले आपल्याले कोणी सांगतलं नाही. तू आजारातून उठलेला माणूस. खा."

सेवकरामने हात जोडले, हो गुरुजी म्हणाला, आणि खाल्लं काही नाही. खरी गोष्ट अशी की धम्माचं नाव पुढे होतं आणि मागे वेगळंच काही. जन्मभर खादाड म्हणून हसू झालेला माणूस तो. आता पहिल्यांदाच त्याच्यासमोर ताट यायचं आणि तो नको म्हणू शकायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाकून आग्रह करायचा, आणि हा ताटावर हात आडवा धरायचा. त्या हाताचा त्याला गर्व चढला होता. भूक तर लागतच नव्हती. तीन महिने धीर धरवला नाही असं कोणी म्हणू नये, याच्यासाठी तो जीव द्यायला निघाला होता, फक्त ते त्याला ठाऊक नव्हतं.

श्रावणात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मग ताटाशेजारी, मग उशीवर. भादव्यात कट्टा शिवताना दाभण बोटात घुसला, एवढीशी जखम, ती महिना झाला तरी ओलीच. काट्यावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागू लागला. मिलच्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबायचा, जणू काही आठवून राहिला आहे असं दाखवायचा आणि मग पुढचा पाय टाकायचा. अन्नपूर्णाने एकदा त्याला पाठीला तेल लावताना हात फिरवला, आणि जिथे पूर्वी तिची बोटं रुतायची तिथे हाड लागलं. दंडाचं मांस कातडीखाली सैल लोंबत होतं. ताईंचं ते वाक्य तिला आठवलं, स्वतःचंच मांस खायला लागतं. तिने तेलाची वाटी खाली ठेवली.

"नागपूरले जाऊन येऊ."

"वजन कमी करासाठीच तं गेलो होतो बाई. आता कमी झालं तं रडून राहिली?"

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात खीरदान होतं. सेवकराम पांढऱ्या कपड्यात पहिल्या रांगेत बसला. कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसत होते. खिरीची वाटी हातात आली, त्याने मोठ्या समाधानाने चार चमचे घेतले. गोड पदार्थ जपून, हेही ताईंनी सांगितलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात होतं? थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. गुरुजींनी आणि दोघा-तिघांनी धरून बाहेर आणला. ओसरीवर पडून तो म्हणत होता, "काही नाही, काही नाही." अन्नपूर्णा त्याचा घाम पुसत होती आणि तिचा हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने अंडं उकडलं. आता वर्षावास नव्हता, सबब नव्हती. पण सकाळी सेवकराम मिलमधून परत आला तो चेहरा पाडून.

"वजन वाढून राहिलं."

"काय?"

"चार दिवसांपासून पाहून राहिलो. रोज चढते. मले वाटलं काटा बिघडला, तं वीस किलोचं बाट ठेवून पाहिलं. काटा बरोबर आहे." त्याच्या आवाजात भीती होती. "सगळं परत येते आता. खुर्ची, हमाल, सगळं. ते अंडं उचल."

"वजन वाढलं तं पायजामा काऊन ढिला हाये जी?"

त्याने नाडीकडे पाहिलं. नाडीला गाठ मारून मारून टोकं गुडघ्यापर्यंत आली होती. तो उलट रागावला, आणि त्या दिवसापासून त्याने भाताचा दुसरा घासही बंद केला. एक घास आणि पाण्यासारखं वरण. त्यावर तो दिवस काढायचा.

आणि गाव काय म्हणत होतं? गाव खूश होतं. भादव्यात ज्यांनी त्याला पाहून तोंडं फिरवली होती, ते आता थांबून बोलू लागले. "आता चेहरा भरला भाऊचा." "मधात किती खराब झाला होता, आता अंग धरून राहिला." गाल खरंच वर आले होते, डोळ्यांखाली फुगवटा आला होता. घरात भीती होती वजन येतंय याची, बाहेर आनंद होता वजन येतंय याचा, आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. फक्त अन्नपूर्णा एक पाहायची. सकाळी उशीच्या सुरकुत्यांचे वळ त्याच्या गालावर उठलेले असायचे. पूर्वी ते तोंड धुईपर्यंत जायचे. आता जेवणाच्या वेळेपर्यंत तसेच राहायचे. तिला ते चांगलं वाटत नव्हतं, पण काय म्हणून सांगावं तेही कळत नव्हतं. ती रात्री पुन्हा त्याचा श्वास ऐकत जागू लागली.

दिवाळी तोंडावर आली आणि नवा हलका, म्हणजे लवकर निघणारा, धान मिलवर येऊ लागला. परतीच्या पावसाने यंदा घोळ घातला होता, बहुतेकांचा धान भिजलेला. त्या दिवशी सालेकशाकडून खेमराज ट्रॉली घेऊन आला. जुन्या ओळखीचा, बोलका माणूस.

"जय भीम भाऊ. पाहा बरं, कट्टे कसे टम्म भरले."

कट्टा काट्यावर चढला. आकडा नेहमीपेक्षा बराच वर गेला. सेवकरामने हात घातला, आतला धान गार लागला. दाणा दाढेखाली धरायची त्याला त्या दिवशी ताकद नव्हती, जबडाही दुखत होता. म्हणून त्याने कट्ट्याच्या कुशीत अंगठा रोवला आणि काढला. वाळला धान आतून लगेच सरकतो, खळगा भरून येतो. हा खळगा तसाच राहिला.

"ओला हाये खेमराज."

"कायचा ओला? काटा पाहा न भाऊ. काटा खोटं बोलते का?"

"काटा खरं बोलते," सेवकराम म्हणाला. "वजन हाये. पण धान कमी हाये याच्यात. हे पाणी भरलं."

बोलला आणि थांबला. खेमराजला वाटलं अजून काही सांगणार आहे. पण सेवकराम खाली बघत होता, स्वतःच्या पायाकडे. चपलेचा पट्टा पायात रुतला होता, दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती, चकचकीत. तो हळूच स्टुलावर बसला. पायजामा वर केला. नडगीवर अंगठा ठेवला आणि कट्ट्यावर दाबला तसाच दाबला.

अंगठा काढला. खळगा तसाच राहिला.

त्याने वाट पाहिली. खेमराजही वाकून पाहत होता. मिलचा पट्टा घरघरत होता, कोंडा उडत होता. सेवकराम उठून काट्यावर चढला. लाल आकडे थरथरून थांबले, कालच्यापेक्षा वर. पंचवीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याचा ओला धान एका दाण्यावर ओळखला, तो दोन आठवडे रोज सकाळी या काट्यावर उभा राहून स्वतःचं पाणी मोजत होता आणि त्याला चरबी समजून उपाशी राहत होता. आत सेवकराम किती उरला आहे, हे काटा सांगत नव्हता. त्याला घाम फुटला. आता त्याला खरी भीती वाटली, खुर्ची मोडण्याची नव्हे.

"क्या हुआ रे?" शेठने ऑफिसच्या दारातून विचारलं.

"काही नाही शेठ. काटा बरोबर आहे. माझं पाहणं चुकलं."

त्याने घरी फोन लावला. अन्नपूर्णाने उचलला.

"घरी अंडे हायेत का?"

ती म्हणाली, "हायेत. काऊन?"

"उकड. आन् आपल्याले गोंदियाले जा लागते. आत्ता."

तिने कायले म्हणून विचारलं नाही. खेमराजनेच ट्रॉली सोडून ट्रॅक्टरवर त्याला घरापर्यंत आणलं, आणि तिथून दोघं ऑटोने निघाले. वाटेत तिने अंड्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. तो चघळत राहिला, चघळत राहिला, आणि गिळला. दुसरा तुकडा जात नव्हता. अन्नपूर्णाने तो पदराच्या टोकात बांधला. वाटेत दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या पेंढ्या पाण्यात पडल्या होत्या, ती त्या बघत होती आणि आपण श्रावणातच याला ओढत नागपूरला का नेलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होती.

गोंदियाच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने नडगी दाबली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, दंडाची सैल कातडी चिमटीत धरली. ऑपरेशन कधी झालं ते विचारलं. मग विचारलं, "खाने में क्या लेते हैं?"

सेवकरामने अन्नपूर्णाकडे पाहिलं. अन्नपूर्णाने सांगितलं, "भात."

"और?"

"वरणाचं पाणी."

डॉक्टर लिहायचा थांबला. लगेच भरती केलं. रक्त तपासायला गेलं, रिपोर्ट आला, सलाईन लागली, सुया टोचल्या. डॉक्टर अन्नपूर्णाला बाजूला घेऊन बोलला, पण वॉर्ड लहान होता आणि सेवकरामला सगळं ऐकू येत होतं. खून में प्रोटीन बहुत कम है. इसलिए पानी नसों में रुकता नहीं, पूरे बदन में भर गया है. शरीर इतने दिन अपना ही मांस खा रहा था. दिल पर भी असर दिख रहा है. एकदम से खिला भी नहीं सकते, उसमें भी खतरा है. थोड़ा थोड़ा.

अन्नपूर्णा पदर हातात पिळत उभी होती. "बरे होतील न जी, डाक्टरसाहेब?"

डॉक्टर भला माणूस असावा. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग हातातल्या कागदाकडे.

"पहले पानी उतरने दो," तो म्हणाला. "फिर देखेंगे."

खाटेवर सेवकरामने डोळे मिटले. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. पंचवीस वर्षं काट्याजवळ बसून त्यानेच ते वाटले होते, कोणाला नाही म्हणवत नाही म्हणून. ऐकणारा माणूस मान खाली घालून अंगणात जायचा, धान पसरायचा आणि उन्हात बसायचा. त्याच्या पोटात त्या वेळी काय होत असेल, याचा सेवकरामने कधी विचार केला नव्हता. काहींचा धान खणखणीत निघायचा. काहींचा काळा.

अन्नपूर्णा परत आली. डोळे पुसून आली होती, पण ते त्याला दिसलं.

"काय म्हणते डाक्टर?" त्याने विचारलं, ऐकलं नाही असं दाखवून.

"बरे होतेत म्हणते."

मग त्याने हात पुढे केला. तिला कळायला जरा वेळ लागला. तिने पदराची गाठ सोडून अंड्याचा तुकडा काढला, आणि दोन बोटांनी त्याच्या ओठांत दिला. त्याने तो दाढेखाली धरला आणि हळूहळू चावायला लागला. अन्नपूर्णा त्याच्या गळ्याकडे बघत उभी राहिली, घास उतरायची वाट बघत.